आईची अर्धशिशी आणि तुझी

चि. सायलीस,


आजीला अर्धशिशी, आईला अर्धशिशी, म्हणजे आपलीही यातून सुटका नाही, असं तू धरून बसली आहेस. ती घराण्यात चालते हे खरं. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं, की मायग्रेन कुणाला होतो आणि कुणाला नाही, या फरकातला निम्म्याच्या आसपास भाग आनुवंशिक असतो. पण सगळं जनुकांवरच असतं, तर एकसारख्या जुळ्यांपैकी एकीला झालेला मायग्रेन दुसरीलाही हटकून झाला असता. तसं होत नाही.

एकाच जनुकामुळे होणारा मायग्रेनही आहे, पण तो विरळा. त्यात झटक्याच्या वेळी शरीराची एक बाजू काही काळ लुळी पडते. १९९६ साली अशा घराण्यांत एकोणिसाव्या गुणसूत्रावरचं एक जनुक सापडलं. चेतापेशीत कॅल्शियम आत सोडणारी वाट त्याच्यामुळे घडते. तिथला दोष अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. तुझं दुखणं त्यातलं नाही. नेहमीच्या मायग्रेनसाठी एक लाखाहून जास्त रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा २०२२ साली जनुकसंचातल्या मायग्रेनशी जोडलेल्या १२३ जागा हाती लागल्या, आणि त्यातल्या एकेकीचा वाटा अगदी इवलासा. म्हणून जनुकचाचणीवर पैसे घालवू नकोस. तुझं पुढे काय होणार, हे ती सांगू शकत नाही.

मग या शोधाचा उपयोग काय, असं तू विचारशील. त्यातली एक जागा सीजीआरपी नावाचं द्रव्य बनवणाऱ्या जनुकांपाशी आहे. हेच द्रव्य शिरेतून दिलं, तर मायग्रेन असलेल्या पुष्कळांना झटका येतो. ते अडवणारी औषधं २०१८पासून मिळू लागली आहेत. ज्या आजाराला आजवर नाजूकपणा म्हणून हिणवलं गेलं, त्याचा शरीरातला पुरावा यातून मिळतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

'उपास केलास, उन्हात गेलीस, म्हणून दुखलं' असं म्हणणारेही पूर्ण चुकत नाहीत. पण तोच उपास बरोबरीच्या मैत्रिणीला बाधत नाही, कारण सोसण्याची मर्यादाच जन्मतः वेगळी असते. त्यात तुझा दोष नाही. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा सांभाळणं मात्र तुझ्या हातात आहे.

झटक्यांची तारीख, पाळी, झोप, घेतलेली गोळी, सगळं वहीत लिही. गोळी दुखणं सुरू होताच घे, पण महिन्यात दहा दिवसांवर जाऊ देऊ नकोस; अतिगोळ्यांनीही डोकं दुखू लागतं. आणि दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येत असेल, तर गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना ते आवर्जून सांग. अशा मुलींना इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

तुझी,
मावशी