लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावरची कौलं

प्रश्न : कॅनडात लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर रेड बे नावाचं गाव आहे. तिथे चारशे वर्षांपूर्वीची युरोपातली लाल कौलं सापडतात म्हणे. इतक्या थंड, ओसाड जागी कौलारू घरं कोणी बांधली? आणि तिथे सापडलेलं बुडालेलं जहाज बघता येतं का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ती कौलं घरांची नव्हेत, भट्ट्यांची. बिस्केच्या उपसागराकाठचे बास्क दर्यावर्दी देवमाशाच्या शिकारीत तरबेज. सोळाव्या शतकात ते दर उन्हाळ्यात अटलांटिक ओलांडून इथे येत. या बंदराला ते ‘बुतुस’ म्हणत. ‘चलुपा’ नावाच्या होडीतून देवमासा गाठायचा, भाल्याने मारायचा, किनाऱ्यावर ओढायचा आणि चरबी तांब्याच्या मोठ्या कढयांत कढवायची. तापल्या तेलात पावसाची सर आली तर काय होतं, हे भजी तळणाऱ्याला सांगायला नको! म्हणून भट्टीवर छप्पर हवं. त्यासाठीची कौलं, आपल्याकडच्या नळीच्या कौलांसारखी, ते मायदेशाहून जहाजात घालून आणत. पिंपांत भरलेलं तेल युरोपात दिव्यांना आणि साबणाला जाई.

ही वसाहत पुढे साफ विसरली गेली. ती शोधली सेल्मा हक्सली बार्कम या बाईंनी, तेही समुद्रात नव्हे, कागदांत. नवरा वारलेला, पदरात चार मुलं. स्पेनमधल्या ओन्याती गावी राहून त्यांनी जुने नोटरींचे दस्त, विम्याचे कागद, मृत्युपत्रं वाचून काढली. मोडी वाचणाऱ्यांनाच त्या लिपीच्या गिचमिडीची कल्पना येईल. १५६५ साली बुतुसच्या बंदरात वादळात तेलासकट बुडालेल्या ‘सान हुआन’चा पत्ता त्या कागदांत होता. १९७८ मध्ये पार्क्स कॅनडाच्या पाणबुड्यांना तिथे खरोखरच जहाज मिळालं. माझ्या मते पहिला मान त्या बाईंचाच.

तेल मायदेशी गेलं, पण सगळी माणसं परतली नाहीत. समोरच्या सॅडल बेटावरच्या दफनभूमीत १४० च्या वर माणसांचे सांगाडे मिळाले.

आता जहाजाचं. त्याच्या सुमारे तीन हजार फळ्या-तुळया वर काढून मोजल्या, चितारल्या आणि पुन्हा समुद्राच्या तळाशी पुरून ठेवल्या. गार पाण्याखालच्या गाळात त्या जास्त टिकतात. तेव्हा मूळ जहाज काही दिसणार नाही. त्याच्याखाली दबलेली चलुपा मात्र रेड बेच्या संग्रहालयात आहे. अख्खंच जहाज बघायचं असेल तर स्पेनमधलं पसाया बंदर गाठा. त्या मोजमापांवरून बांधलेलं नवं ‘सान हुआन’ तिथे नोव्हेंबर २०२४ मध्ये पाण्यात उतरलं आहे.