आधी कागद, मग कीबोर्ड

६ जानेवारीच्या सुमारास पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर बोलायचं बोलावणं येतं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’ काढलं, हे सगळ्यांना पाठ असतं. मग प्रश्न येतो, "सर, ऑनलाइनमध्ये करिअर करायचं तर कोर्स कुठला करू?" कोर्सचं मला फारसं सांगता येत नाही. आधी छापील वर्तमानपत्रात आणि पुढे न्यूज पोर्टलच्या डेस्कवर जे कामी आलं, तेवढं सांगतो.

१. मराठी टायपिंग नीट शिका

इनस्क्रिप्ट शिका किंवा फोनेटिक, पण युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमधला मजकूर पोर्टलवर चिकटवला की नुसती चिन्हं उमटतात. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ करणारी कॉपी आली की डेस्क आधी तेच निस्तरत बसतो आणि बातमी मागे पडते. मोबाइलवर बोलून टाइप करायला हरकत नाही, मात्र गावांची आणि माणसांची नावं हातानं तपासा.

२. मूळ कागद उघडा

प्रेसनोट व्हॉट्सॲपवर एकाच वेळी सगळ्यांना मिळते. ती पहिल्यांदा कोणी टाकली, हे वाचकाच्या लक्षातही राहत नाही. वेगळेपण येतं ते शासन निर्णय, म्हणजे जीआर, स्वतः वाचल्यानं. जीआरच्या शेवटी संकेतांक दिलेला असतो. फॉरवर्ड होऊन आलेला जीआर खरा आहे का, हे शासनाच्या संकेतस्थळावर तो संकेतांक टाकून पाहता येतं. घोषणा पहिल्या पानावर असते, पण कोणाला लाभ मिळणार नाही हे अटी-शर्तींत किंवा परिशिष्टात दडलेलं असतं. बातमी बहुतेक वेळा तिथेच असते.

उमेदवाराचं शपथपत्र, न्यायालयाचा आदेश, महारेराची नोंद, सातबारा हे सगळं आज घरबसल्या दिसतं. जे दिसत नाही त्यासाठी २००५चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत संपली की अपील करा, कंटाळू नका.

३. आकड्यांना घाबरू नका

पावसाळ्यात धरणांच्या बातम्यांत ‘क्युसेक प्रतिसेकंद’ असं सर्रास छापून येतं. क्युसेकचा अर्थच एका सेकंदाला एक घनफूट पाणी, त्यामुळे पुढचं ‘प्रतिसेकंद’ फुकटचं. साधा हिशेब लक्षात ठेवा: ११,५७४ क्युसेकनं अखंड २४ तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. कोयनेची क्षमता साधारण १०५ टीएमसी. एवढं डोक्यात असलं की विसर्गाचा आकडा नदीकाठच्या वाचकाला समजावून सांगता येतो.

पावसाचंही तसंच. जोराची सर आली की ‘ढगफुटी’ लिहून मोकळे होऊ नका. हवामान खात्याच्या लेखी तासाभरात १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती ढगफुटी. शेतकऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाचा आकडा आणखी वेगळा आहे: महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. म्हणून तालुक्याची सरासरी देऊन थांबू नका, मंडळनिहाय आकडे द्या. एका मंडळात ६४ आणि शेजारच्या मंडळात ६७ असतील, तर भरपाईचं भांडण कुठे होणार ते तिथेच कळतं.

४. फोटो आणि व्हिडिओची झडती घ्या

पूर आला की जुन्या पुरांचे व्हिडिओ नव्यानं फिरू लागतात. गूगल लेन्सवर चित्र शोधणं हे पहिलं काम. त्यानंतर डोळे वापरा. गाडीची पाटी एमएच ०९ची आहे की केएची? दुकानाच्या फलकावर लिपी कोणती आहे? लोक स्वेटर घालून आहेत का? एवढं करूनही खात्री पटली नाही, तर त्या गावातल्या माणसाला फोन लावा.

५. मथळ्यात बातमी द्या

‘मोठी बातमी! अखेर तो निर्णय झालाच’ असल्या मथळ्यावर क्लिक मिळतात, हे खरं आहे. पण फसलेला वाचक पोर्टलचं नाव लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी नोटिफिकेशनच बंद करून टाकतो. ‘हप्ता कधी जमा होणार?’ असं शोधत आलेल्याला पहिल्याच परिच्छेदात तारीख द्या. तारीख जाहीर झाली नसेल, तर तेही स्पष्ट लिहा.

६. कायद्याची किमान ओळख ठेवा

पॉक्सो कायद्याच्या कलम २३नुसार पीडित बालकाची ओळख उघड करता येत नाही. नाव गाळून गाव, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय दिला, तर लहान गावात नाव दिल्यासारखंच होतं. छापील अंक रद्दीत जातो, ऑनलाइन मजकुराचे मात्र स्क्रीनशॉट राहतात. त्यामुळे चूक दिसली की गुपचूप ओळ बदलू नका, बातमीखाली दुरुस्ती नोंदवा.

७. एक विषय धरून ठेवा

पाणी, सहकार, बाजार समिती, शाळा, कुठलाही चालेल. बातमी नसतानाही हमाल-मापाडी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांच्याशी बोलत राहा. पी. साईनाथ यांनी २०१४ साली ‘पारी’ सुरू केलं. ग्रामीण भारतावर सविस्तर ऑनलाइन लिहिता येतं, आणि तेही मराठीसह अनेक भाषांत, हे त्या संकेतस्थळानं दाखवून दिलं आहे.

८. आपलं काम आणि पैसे सांभाळा

पोर्टल बंद पडतात, लिंक मरतात. प्रत्येक बातमीची पीडीएफ काढून ठेवा. मानधन किती आणि कधी मिळणार, हे काम सुरू करण्याआधी ईमेलवर लेखी घ्या. ओळखीतल्या संपादकाकडूनही घ्या.

वेगाची फार चिंता करू नका, तो सरावानं येतो. कागद वाचायची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते. या आठवड्यात तुमच्या तालुक्याशी संबंधित एक जीआर शेवटच्या पानापर्यंत वाचा, त्यातून पडलेले प्रश्न वहीत लिहा आणि ते घेऊन थेट तहसील कार्यालयात जा.