मावशीचा कॅमेरा

मुलांनो, तुमच्या घरी लग्नाचे किंवा बारशाचे एखादे जुने छायाचित्र असेल. ते एकदा नीट पाहा. आजी-आजोबांकडे नव्हे, त्यांच्या मागे काय आहे ते पाहा. एखादा दरवाजा दिसेल, तुळशीवृंदावन दिसेल, नाहीतर आता पडून गेलेली एखादी भिंत दिसेल. छायाचित्र काढणाऱ्याला दरवाजा टिपायचा नव्हता. तरी तो आला. अशाच एका दरवाज्याची हकिकत या पाठात पुढे येणार आहे. तोवर तो लक्षात ठेवा.

जर्मनी देशाच्या पूर्व भागात एल्ब नदीच्या काठी ड्रेस्डेन हे शहर आहे. समजा, तुमची मावशी तेथे नोकरी करते आणि दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही तिच्याकडे गेला आहात. बाहेर कडाक्याची थंडी आहे. मावशी कपाट उघडते आणि एक काळा, जाडसर कॅमेरा बाहेर काढते.

"हा मी पहिल्या पगारातून घेतला होता. आता तू वापर. पण आधी पट्टा गळ्यात घाल!"

हा काही फार भारी कॅमेरा नाही. नव्याने शिकणाऱ्या माणसासाठी असतो तसा साधा डिजिटल कॅमेरा आहे. त्याला डीएसएलआर म्हणतात. मागच्या बाजूच्या लहानशा खिडकीला डोळा लावा. समोर मावशी दिसते. गंमत अशी, की तुम्ही तिला त्याच भिंगातून पाहत आहात, ज्या भिंगातून तिचे छायाचित्र निघणार आहे.

यात विशेष ते काय, असे तुम्हांला वाटेल. एक प्रयोग करा. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा जागचा हलला नाही, तरी तो सरकल्यासारखा दिसतो. दोन डोळ्यांत अंतर ते किती? जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर! पूर्वी पुष्कळ कॅमेऱ्यांना असेच दोन डोळे असत. एक बघण्याची खिडकी आणि दुसरे चित्र घेणारे भिंग. खिडकीतून आजीचा अंबाडा छान दिसे, पण जवळून काढलेल्या चित्रात नेमका अंबाडाच कापला जाई.

जर्मनीतच वेट्झलार नावाच्या गावी ऑस्कर बार्नाक नावाचे एक कारागीर होते. त्यांना दम्याचा त्रास होता. त्या काळचे जड कॅमेरे आणि काचा घेऊन डोंगर चढणे त्यांना जमत नसे. म्हणून त्यांनी सिनेमाची अरुंद फिल्म वापरणारा लहानसा कॅमेरा बनवला. त्यातूनच पुढे लायका कॅमेरा तयार झाला. तो १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला. जत्रा म्हणजे आपली पाळण्यांची जत्रा नव्हे. तो व्यापाऱ्यांचा मोठा बाजार असे. लायका कोटाच्या खिशात मावे. पण त्याची बघण्याची खिडकी मात्र भिंगाहून वेगळीच होती.

हा दोष घालवायचा तर भिंगातून येणारा प्रकाशच डोळ्यापर्यंत न्यायला हवा. ते काम आरशाने केले, आणि लहान फिल्मच्या कॅमेऱ्यात ते घडवून आणण्यात मावशीच्या ड्रेस्डेन शहराचा मोठा वाटा आहे.

मावशी तुम्हांला संग्रहालयात नेते. एर्नेमान नावाच्या जुन्या कॅमेरा कारखान्याच्या इमारतीतच हे संग्रहालय आहे. ड्रेस्डेनचे जुने कॅमेरे येथे जपून ठेवले आहेत. एक्झाक्टा नावाचा कॅमेरा शोधा. लहान फिल्म घेणारा एक्झाक्टा १९३६ साली इहागे या ड्रेस्डेनच्या कंपनीने बाजारात आणला. त्याची चित्र काढण्याची कळ डाव्या हाताला आहे! भिंगामागे तिरका आरसा होता. आरसा चित्र वर फेकत असे आणि छायाचित्रकार खाली मान घालून, विहिरीत डोकावल्यासारखा, त्यात पाही. मात्र आरशात उजव्याचे डावे होते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. मूल उजवीकडे पळाले, की कॅमेऱ्यात ते डावीकडे पळताना दिसे. बिचारा छायाचित्रकार!

१९४९ साली ड्रेस्डेनमध्येच काँटॅक्स एस हा कॅमेरा निघाला. त्यात आरशाच्या वर काचेचा एक लोलक बसवला होता. लोलकाने उलटे चित्र सुलटे केले आणि कॅमेरा सरळ डोळ्याला लावता येऊ लागला. मावशीच्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर जो उंचवटा दिसतो ना, त्याच्या आत हेच काम चालते. स्वस्त कॅमेऱ्यात लोलकाऐवजी लहान आरसे जोडलेले असतात, एवढेच.

आता कळ दाबा. 'खटक' असा आवाज येतो. तेवढ्यात आत काय काय घडले? आरसा वर उचलला गेला. पडदा उघडला. भिंगातून आलेला प्रकाश मागच्या चकतीवर पडला. पडदा मिटला आणि आरसा खाली आला. पूर्वी या जागी फिल्म असे. आता प्रकाश ओळखणारे लक्षावधी बारीक ठिपके असलेली चकती असते. आरसा वर असतो तेवढा वेळ खिडकीत अंधार होतो. म्हणजे चित्र उमटते, नेमके त्याच वेळी तुम्हांला काही दिसत नसते. अलीकडे आरसा नसलेले कॅमेरे अधिक निघू लागले आहेत. पण मला विचाराल, तर शिकायला हा खटक करणारा कॅमेराच बरा. त्यात काय चालले आहे ते समजते.

कॅमेऱ्यावरच्या गोल चकतीवर पुष्कळ खुणा असतात. घाबरू नका. मुख्य गोष्टी दोनच. प्रकाश किती मोठ्या छिद्रातून घ्यायचा आणि किती वेळ घ्यायचा. उडणारे कबूतर टिपायचे असेल, तर सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ हवा. संध्याकाळी घरात वेळ वाढवावा लागतो; मग हात जरा हलला तरी चित्र पुसट येते. अशा वेळी कोपर छातीशी टेकवा, डावा हात भिंगाखाली धरा आणि कळ हळूच दाबा.

छिद्राचे आकडे मात्र सुरुवातीला सगळ्यांनाच चकवतात. चार आकड्याला छिद्र मोठे आणि आठ आकड्याला लहान! असे का? भाकरी आठवा. भाकरीचा चौथा भाग, म्हणजे चतकोर, मोठा असतो. आठवा भाग त्याहून लहान असतो. छिद्राचे आकडेही असेच भाग सांगतात. मोठे छिद्र ठेवले, की मावशी स्पष्ट येते आणि मागची भिंत धूसर होते. छिद्र लहान केले, की मागचेही बरेचसे स्पष्ट येते. मागचे स्पष्ट हवे की नको, हे कॅमेरा ठरवत नाही. ते तुम्ही ठरवायचे.

कॅमेरा सांभाळावाही लागतो. भिंग काढले, की आत धूळ शिरते. थंडीतून गरम खोलीत आणलेल्या कॅमेऱ्यावर दव धरते. म्हणून तो काही वेळ बंद पिशवीतच राहू द्यावा. आपल्याकडे पावसाळ्यात दमट कपाटात ठेवलेल्या भिंगाला बुरशी लागते, तीही वाईटच. आणि अनोळखी माणसाचे छायाचित्र काढायचे असेल, तर आधी त्याला विचारावे. जर्मनीत १९०७ सालच्या कायद्यानुसार माणसाचे छायाचित्र प्रसिद्ध करायला सहसा त्याची संमती लागते.

आता तुम्ही मावशीबरोबर नॉयमार्क्ट चौकात आला आहात. समोर फ्राउएनकिर्शे नावाचे मोठे चर्च आहे. त्याच्या फिकट भिंतीत मधूनमधून काळे दगड दिसतात. हे चर्च १७४३ साली बांधून पूर्ण झाले होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, इंग्लंड आणि अमेरिकेच्या विमानांनी ड्रेस्डेनवर बाँब टाकले. शहर जळाले. हजारो माणसे मरण पावली. आगीत तापलेले हे चर्च १५ फेब्रुवारीला कोसळले.

त्याच वर्षी रिखार्ड पेटर नावाचे छायाचित्रकार ड्रेस्डेनला परत आले. त्यांचा कॅमेरा आणि आयुष्यभर काढलेली छायाचित्रे आगीत नष्ट झाली होती. कुणीतरी त्यांना एक कॅमेरा दिला. तो घेऊन ते चार वर्षांहून अधिक काळ त्या ओसाड शहरात हिंडले. नगरभवनाच्या मनोऱ्यावरून त्यांनी काढलेले जळक्या शहराचे छायाचित्र आज जगभर ओळखले जाते.

चर्चच्या जागी मात्र कितीतरी वर्षे दगडांचा ढीग पडून होता. अखेर १९९४ साली ते पुन्हा बांधायला घेतले. जुने दगड शोधून, जमेल तेथे त्यांच्या मूळ जागी बसवले. काळे दिसतात ते हेच. पण लाकडी दरवाज्यांवरचे कोरीवकाम नेमके कसे होते, ते कुणालाच सांगता येईना. तेव्हा लोकांना विनंती करण्यात आली, की जुनी छायाचित्रे असतील तर द्या. लोकांनी घरच्या पेट्या आणि लग्नाचे आल्बम उघडले. नवरा-नवरी चर्चच्या दारात उभी राहून छायाचित्र काढून घेत असत. त्यांच्या मागे दरवाजा आला होता! त्या छायाचित्रांवरून सुतारांनी दरवाजे पुन्हा कोरले. ३० ऑक्टोबर २००५ रोजी चर्च पुन्हा उघडले.

मावशी त्या दरवाज्यासमोर उभी राहते. तुम्ही छिद्र लहान करता, कोपर छातीशी टेकवता आणि कळ दाबता. खटक! मागच्या पडद्यावर चित्र येते. मावशीचे डोळे मिटलेले आहेत. दरवाज्यावरचे कोरीवकाम मात्र स्पष्ट दिसते.

"मावशी, तुझे डोळे मिटले गं! हे पुसून टाकू?"

"नको, राहू दे," मावशी म्हणते. "आणखी एक काढ."