संघप्रवेशाचे विधी आणि रॅगिंग

कसबा बावड्यासह कोल्हापूर परिसरातील तालमींत नवा मल्ल हनुमंताला वंदन करून आणि लाल माती कपाळी लावून आखाड्यात उतरतो. वस्तादही तेच करतो. म्हणून या विधीने कोणी हीन ठरत नाही. महाविद्यालयीन संघात मात्र केवळ नवख्या खेळाडूलाच अपमान वा शारीरिक त्रास सोसावा लागत असेल, तर त्यास परंपरा म्हटले तरी ते रॅगिंगच होय. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यानुसार असे कृत्य संस्थेच्या आवाराबाहेर घडले तरी गुन्हा ठरते. त्यासाठी २ वर्षांपर्यंत कारावास व १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार येताच संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करणे बंधनकारक आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : आपल्या संघातील कोणता प्रवेशविधी ज्येष्ठ खेळाडू स्वतःही सर्वांसमक्ष करतील?