मूळव्याधीचा रक्तस्राव आणि घरगुती इलाज

प्रश्न : वडिलांना मूळव्याधीतून रक्त पडते. बाळहिरडा पुरेल का? (एक वाचक, आंबेगाव)

उत्तर : जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे जो हिरडा दरसाल वेचतात, तो सौम्य रेचक म्हणून आयुर्वेदास मान्य असला, तरी रक्तस्रावाचे कारण वैद्यकीय तपासणीने निश्चित झाल्याखेरीज केवळ त्याच्यावर भिस्त ठेवणे मला मुळीच मंजूर नाही. व्याधी वाढते ती मुख्यत्वे मलावरोधाने व कुंथण्याने. म्हणून पालेभाज्या, सालीसकट कडधान्ये, फळे आणि भरपूर पाणी यांचा आहारात नित्य समावेश करावा, रात्री पेलाभर पाण्यातून इसबगोल द्यावा, शौचास विनाकारण बसून राहू नये आणि कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीन वेळा 10 ते 15 मिनिटे बसवावे, म्हणजे ठणका व सूज पुष्कळ उतरते. ठेचा तूर्त वर्ज्य करावा.

परंतु रक्त थांबत नसेल, घेरी येत असेल किंवा मल काळाकुट्ट होत असेल, तर विनाविलंब मंचरचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. चाळिशी उलटल्यावर पडणारे रक्त मूळव्याधीचेच आहे असे परस्पर गृहीत धरू नये, कारण आतड्याचा कर्करोगही प्रारंभी असाच प्रकटतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती आपल्या मर्जीने बंद न करता डॉक्टरांना अवश्य सांगावी. आणि बिनसनदी इसमाकडून कोंब जाळून घेण्यास वडिलांना कदापि नेऊ नये.