मेणाचा हात आणि सारवण



लिहायच्या टेबलाला खडूच्या रंगाचे (चॉक पेंटचे) हात द्यायचे आणि वरून मेण चोळायचं, हा तुझा बेत कळला. 'आपल्याकडच्या पावसात हे टिकणार नाही,' असं शहापुरात सगळे तुला सांगतायत. खरंय ते. पण टिकणं म्हणजे काय, हे आधी ठरव. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कारवीच्या कुडाला माती-शेणाचा लेप देतात. पावसाच्या झडीने तो जागोजागी सुटतो, म्हणून कूड कोणी टाकून देत नाही. घरच्याच हातांनी त्यावरच पुन्हा सारवतात. मेणाचं गणित त्याच जातीचं. फिकं पडलं की फडक्याने पातळ हात द्यायचा, झालं. पीयू पॉलिश पाण्याला मेणापेक्षा कितीतरी खंबीर, वादच नाही; पण खोल ओरखडा गेला की तेवढ्यापुरतं ठिगळ लपत नाही, अख्खी फळी घासायला काढावी लागते. जेवणाचं टेबल असतं तर मीही पीयूच म्हटलं असतं. कारण मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. गॅसवरून उतरवलेलं चहाचं पातेलं टेकलं की गोल उमटलाच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: सागवान रंगाखाली पुरायचं? अखंड साग असेल तर चपडीचं पॉलिश कर, रंगाचा डबा उघडूच नकोस. तुझ्या टेबलाचे पाय मात्र सागाचे, फळी आंब्याची, खण प्लायचा. ही सरमिसळ पॉलिशने उघडी पडते, रंगाने झाकली जाते. पायांवर तेवढं जपून. सागात तेल असतं, पाण्यातला रंग तो नीट धरत नाही, म्हणून आधी स्पिरिटच्या चिंधीने पूस. शिवाय लाकडातला रंग पांढऱ्यातून पिवळट डाग होऊन वर येतो, कितीही हात दिलेस तरी. चपडीचा एक पातळ हात मध्ये आड घाल. ब्रिटनमध्ये ॲनी स्लोन यांनी १९९० साली हा खडूचा रंग काढला तो घासणं नि अस्तर टळावं म्हणूनच, पण सागापाशी ती सोय गृहीत धरू नकोस.

खाली गेरूसारखा तांबडा, वर मळकट पांढरा, हे छान दिसेल. दोन थरांच्या मध्ये कडांवर मेणबत्ती फिरव, म्हणजे तिथला वरचा रंग २२० नंबरच्या पॉलिशपेपरने अलगद सुटेल. घासायचं ते वापराने जिथे झिजलं असतं तिथेच: खणाच्या मुठीभोवती, बसणाऱ्याच्या बाजूची कड, पाय टेकतात ती आडवी पट्टी. मधोमध घासलेलं टेबल जुनं दिसत नाही, खरूज झाल्यासारखं दिसतं.

काम भातकापणी उरकल्यावर काढ. श्रावणात रंग बोटाला कोरडा लागतो, आत ओल असते, आणि वरून मेण लावणं म्हणजे ती कोंडणं. मेणालाही पुरतं कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर त्यावर पुस्तकांचे गठ्ठे नकोत. गडद मेण वापरणार असशील तर आधी बिनरंगी मेणाचा हात दे; नाहीतर खडू ते पिऊन टाकतो आणि डाग पुसता पुसत नाही.

तुझा,
मामा