पाय जमिनीला किती वेळ लागणार?

डब्लिनहून निघून एका दिवसात मोहरचे कडे दाखवून परत आणणाऱ्या सहलबसची जाहिरात वाचताना नजर आधी ठिकाणांच्या यादीवर जाते: कडे, बरेनचा खडकाळ प्रदेश, डूलिन गाव, गॉलवे शहर. एका तिकिटात चार ठिकाणं म्हणजे पैसे वसूल, असं वाटणं साहजिक आहे. पण अशा सहलीचा हिशेब ठिकाणांवर करू नये, दिवसभरात आपले पाय जमिनीला किती तास लागणार यावर करावा, असं माझं ठाम मत आहे. डब्लिन देशाच्या पूर्व किनाऱ्यावर आणि कडे पश्चिम किनाऱ्यावर. अंतर सुमारे २७० किलोमीटर, म्हणजे बसला नुसतं जायलाच साडेतीन तास. त्यात किनाऱ्यालगतचा वळणावळणाचा रस्ता आणि गॉलवेचा फेरा धरला की बारा तासांच्या दिवसातले साडेसात-आठ तास सीटवर जातात. उरलेल्या चार तासांत जेवण, स्वच्छतागृहाची रांग आणि बसपर्यंतची धावपळ सांभाळून चार ठिकाणं बसवायची. कड्यांच्या वाट्याला दीड-दोन तास येतात, बाकीच्यांना उरलंसुरलं.

यात चालकाचा दोष नाही. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे त्याला साडेचार तासांच्या चालवण्यानंतर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि एका दिवसात साधारणपणे ९ तासांपेक्षा जास्त गाडी हाकता येत नाही. नियम चांगलाच आहे, आपल्याच जिवासाठी आहे. पण त्यामुळे आधीच ताणलेल्या वेळापत्रकात अर्ध्या तासाचीही सवड उरत नाही. मोहरला या सवडीचीच गरज असते. कड्यांची सर्वांत जास्त उंची २१४ मीटर, समोर अथांग अटलांटिक, आणि समुद्रावरून धुकं आलं की दहा हातांपलीकडचं दिसत नाही. धुकं तासाभरात विरूही शकतं, पण बस ठरल्या वेळी निघते. मुक्कामाला आलेला माणूस संध्याकाळी परत जाऊ शकतो, बसमधल्या माणसाला ती मुभा नसते.

बरेनचं नुकसान मला याहून मोठं वाटतं, कारण ते नुकसान झाल्याचं कळतसुद्धा नाही. खिडकीतून बरेन म्हणजे करड्या दगडांचा उजाड माळ. पण हा चुनखडक, आणि पावसाच्या पाण्यानं विरघळून त्यात उभ्या, खोल भेगा पडल्या आहेत. अशा भेगेपाशी गुडघे टेकून वाकलं की आत ओलाव्याला धरून वाढलेला हंसराज दिसतो. हे नेचं उबदार प्रदेशातलं. तिथून चार पावलांवर, खडकावरच्या बोटभर मातीत, मे महिन्यात गडद निळं जेन्शियन फुलतं, ते थंड पर्वतांवरचं. दोघं एकाच माळावर नांदतात, हे बरेनचं वैशिष्ट्य. इथले शेतकरी गुरांना डोंगरावर चारायला नेतात ते उन्हाळ्यात नाही, थंडीत. गुरं वाळलं गवत आणि झुडपांची वाढ आटोक्यात ठेवतात, म्हणून वसंतात फुलांना जागा मिळते. कासचं पठार गाडीच्या काचेतून बघितलं म्हणून कोणी सांगत नाही. बरेनही असंच वाकून बघायचं ठिकाण आहे. शिवाय किनाऱ्याच्या रस्त्यानं जाणाऱ्या बसला आतल्या बाजूचं पोलनाब्रोन लागतच नाही. सहा हजार वर्षांच्या आसपास जुनं हे दगडी थडगं उत्खननात तीसहून अधिक माणसांचे अवशेष देऊन गेलं.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा: मुळात चारच दिवस हातात, मग पश्चिम किनारा बघायचाच नाही का? बघावा की, पण चारपैकी एक रात्र डब्लिनऐवजी गॉलवेला काढून. डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकावरून आगगाडीनं गॉलवे अडीच तासांच्या आसपास आहे, आणि तिथून कडे साधारण ७५ किलोमीटर. दिवसाची बससहल गॉलवेहून घेतली तरी प्रवासाचे तास जवळजवळ निम्म्यावर येतात. खोलीचं भाडं वाढतं म्हणाल, तर ती रात्र डब्लिनलाही फुकट निघणार नव्हती. रात्र मोडणं शक्यच नसेल तर जवळचं निवडावं. ग्लेंडलॉक डब्लिनपासून ५० किलोमीटरच्या आसपास: सहाव्या शतकात संत केविननं वसवलेला मठ, ३० मीटर उंच गोल मनोरा, त्यामागे दोन तळी आणि चालायला भरपूर वाटा. उत्तरेला जवळपास तेवढ्याच अंतरावर न्यूग्रेंज, इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही जुनं. तिथली तिकिटं मात्र आधीच काढून ठेवावीत, आत सोडतात ती माणसं मोजकी असतात.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा. नोकरीनिमित्त डब्लिनला असलेली मुलं गावाकडून आलेल्या आईवडिलांना शनिवारी अशा बसमध्ये बसवतात. त्यांना चालवत नाही, बसून तरी बघतील, हा विचार प्रेमाचाच असतो. पण साठी-सत्तरीच्या माणसाला चालण्यापेक्षा बारा तास गुडघे मुडपून बसणं जड जातं. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ सहलीवर सोपवून चालत नाही, डबा बरोबर द्यावा. बसमध्ये स्वच्छतागृह आहे का आणि ते वापरू देतात का, हे तिकीट काढण्याआधी विचारावं. एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. वाटेत उत्तम माहिती सांगणारा चालक भेटला तर रस्त्याकडेच्या दगडी कुंपणांतून १८४५ नंतरच्या दुष्काळाची, दहा लाख मृत्यूंची आणि तितक्याच देशांतराची कहाणी उलगडते. पण ती ऐकायला दोन तासांची सहलसुद्धा पुरते.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी जायंट्स कॉजवेच्या सहलीबाबत तर जास्तच जपावं. बेसॉल्टचे ते खांब पाहायची ओढ सह्याद्रीतल्या माणसाला असणारच, पण ते उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. सीमेवर नाकं नाही, म्हणून नुसत्या आयरिश व्हिसावर जाता येतं असं नाही. व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) ही अक्षरं आहेत का ते आधी बघावं. महिनाही तपासावा. डिसेंबरात डब्लिनला सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो, म्हणजे पश्चिमेच्या सहलीतला बराचसा रस्ता अंधारातच सरतो. जूनमध्ये दहा वाजत आले तरी उजेड असतो. महिना कोणताही असो, डूलिन मात्र हुकतंच. ते प्रसिद्ध आहे पारंपरिक संगीतासाठी, पण दिवसाच्या बसला ते भेटतं दुपारच्या जेवणापुरतं. पबमधल्या कोपऱ्यात फिडल आणि बासऱ्या निघतात त्या रात्री, आणि तोवर बस डब्लिनला पोचलेली असते.